फॉर्म लॉक करण्याआधी

चि. सई,

हे पत्र तुझ्या ‘डायव्हर्जंट’ पुस्तकात ठेवतोय. शनिवारपासून तू माझ्याशी बोलत नाहीस, पुस्तकाशी तेवढी बोलतेस. तोंडाने सांगायला गेलो की माझा आवाज चढतो, मग तुझं दार आपटतं, मग मम्मी दोघांनाही सुनावते. कागदावर आवाज चढत नाही, निदान अजून तरी चढलेला नाही.

आधी कबुली देतो. शनिवारी रात्री तुम्ही दोघी झोपल्यावर मी तुझा अकरावीचा फॉर्म उघडला. मोबाईल नंबर माझा, पासवर्ड माझ्यासमोरच ठेवलेला, त्यामुळे काही अवघड गेलं नाही. आर्ट्सच्या जागी सायन्स केलं. ठाण्याचं कॉलेज काढलं आणि पहिल्या नंबरला इथलं, सेक्टरमधलं टाकलं. सेव्ह केलं. लॉकच्या, म्हणजे फॉर्म पक्का करायच्या, बटणावर बोटही नेलं होतं. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, हा नियम तूच मला दोनदा समजावून सांगितला होतास. म्हणजे मी काय करतोय ते मला पक्कं ठाऊक होतं. घशाला कोरड पडली म्हणून पाणी प्यायला उठलो, तर फ्रिजवर हे पुस्तक. म्हटलं, हेच ते. ह्यानेच पोरीच्या डोक्यात भरवलंय. बघू तरी काय आहे, म्हणजे उद्या भांडताना मुद्दे सापडतील.

चार रात्री लागल्या. माझं इंग्रजी स्टोअर्सच्या रजिस्टरापुरतं. एका हातात पुस्तक, दुसऱ्यात मोबाईलची डिक्शनरी. मारामारीची पानं भराभर उलटली, ते खरं सांगतो. लिहिणारी वेरोनिका रॉथ कॉलेजात शिकत होती तेव्हा हे लिहिलं, २०११ मध्ये पुस्तक आलं, आणि त्यावर सिनेमाही निघाला, हे मोबाईलवरच वाचलं. कॉलेजात शिकत होती म्हटल्यावर जरा दचकलोच. तू पण कविता लिहून वहीचं शेवटचं पान फाडतेस ते मला दिसतं.

‘डायव्हर्जंट’ म्हणजे काय ते मी आता कंपनीत कुणालाही सांगू शकतो. शिकागो शहर, पण उद्ध्वस्त होऊन गेलेलं. तळ्याच्या जागी दलदल. ऐरोलीच्या पुलावरून ओहोटीच्या वेळी खाडी दिसते ना, तशी मी डोळ्यासमोर आणली. लढाई का झाली यावर त्या लोकांचं एकमत झालं नाही. कुणी म्हणालं माणूस स्वार्थी आहे म्हणून, कुणी म्हणालं अडाणी आहे म्हणून, कुणी म्हणालं भित्रा, कुणी खोटारडा, कुणी भांडखोर. मग ज्याने जे कारण धरलं त्याच्या उलट वागणाऱ्यांचा एकेक गट झाला. पाच गट, पाच रंगांचे कपडे. गोष्टीतली पोरगी बीॲट्रिस, तिचं घर त्यातल्या निःस्वार्थ लोकांचं. करडे कपडे, साधं जेवण, दुसऱ्याला बसायला जागा द्यायची, आणि आरसा तीन महिन्यांतून एकदा, आई केस कापेल त्या दिवशी. वाचून हसलोच. आपल्या आबांना त्या घरात काही शिकवावं लागलं नसतं. गळ्यात माळ, अंगात तीच बंडी, आणि आरशात बघून भांग पाडला म्हणून मी मार खाल्लेला.

पहिल्या रात्री माझं मत असं झालं की हे काही पटण्यासारखं नाही. अख्ख्या शहराची पाच खणांत वाटणी कोण करेल? आणि मग गॅलरीत जाऊन उभा राहिलो तर समोर आपला सेक्टर. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची. पंच्याण्णव गावांची जमीन घेतली, नकाशावर नोड आखले, सेक्टरला नंबर दिले आणि घरं बांधली. घरं कुणाला? कमाईप्रमाणे खण: ईडब्ल्यूएस, एलआयजी, एमआयजी, एचआयजी, गरिबापासून वर श्रीमंतापर्यंत. तुझी मैत्रीण एमआयजीत राहते, हे तू कधी आपण होऊन सांगितलं होतंस का? पण तुम्ही पोरी पत्ता सांगता तेव्हा तो शब्द येतोच. आपण माथाडीतले. आबा पाटणकडून आले, मुंबईत पोती वाहिली, घाऊक बाजार खाडीपलीकडे आला तसे तेही इकडे आले. हमाली, तोलाई, वाराई या तीन शब्दांवर त्यांचं घर चाललं. १९६९ चा माथाडी कायदा आणि अण्णासाहेब पाटील यांचं नाव ते देवाच्या नावासारखं घ्यायचे, कारण त्याच्या आधी पाठ त्यांची आणि हिशेब दुसऱ्याचा असा कारभार होता. आणि मम्मीकडचे प्रकल्पग्रस्त. त्याचा दाखला असतो, त्यावर शिक्का असतो. घणसोलीचे आजोबा १९८४ च्या जानेवारीत जासईला होते. पाच माणसं गोळीबारात गेली, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची भाषा सुरू झाली. ते अजून सांगताना ‘आमची जमीन’ म्हणतात आणि हात करतात तो थेट मॉलकडे.

तिसरीत असताना तुला ‘माझे गाव’ असं चित्र काढायला सांगितलं होतं, आठवतंय? तू एकाच कागदावर पाटणचा डोंगर काढलास आणि त्याच्या पायथ्याशी खाडी आणि होडी. बाईंनी लिहिलं, ‘एकच गाव काढ.’ तू घरी येऊन विचारलंस, कुठलं खोडू? मी म्हटलं, होडी खोड. मम्मी आतून म्हणाली, डोंगर खोड. शेवटी तू कागदाची मधोमध घडी घातलीस आणि तसाच दिलास. पुस्तकात त्या पोरीच्या चाचणीचा निकाल एका गटाऐवजी तीन गटांचा येतो ना, तिथे मला ती घडी आठवली.

त्या चाचणीवरही थोडं बोलतो. औषध पाजून स्वप्न दाखवायचं, समोर चीज आणि सुरी ठेवायची, काहीतरी एक उचल म्हणायचं. मग कुत्रा सोडायचा. त्यावरून म्हणे माणूस कळतो. आपल्याकडे कुत्रा नव्हता, पण दहावीच्या पोरांची कल चाचणी होतीच की. २०१६ ला सुरू झाली. तुझ्या रोहनदादाच्या बॅचला होती. शेती, वाणिज्य, ललित कला, आरोग्य असे सात खण. त्याचा कल निघाला गणवेशधारी सेवांकडे. मामाने पेढे वाटले, पोरगा पोलिसात जाणार. आज तो एसी दुरुस्त करतो. कंपनीने निळा शर्ट दिलाय, खिशावर नाव आहे. म्हणजे गणवेश मिळाला खरा, चाचणी अगदीच खोटी म्हणता येणार नाही.

आता धावत्या गाडीतून उड्या मारण्याबद्दल. ते निर्भय गटवाले धावत्या गाडीत चढतात, धावत्या गाडीतून गच्चीवर उडी घेतात आणि लेखिकेला त्याचं केवढं कौतुक. मी नऊ वर्षं कुर्ल्याला जायचो. असले निर्भय लोक आमच्या डब्यात रोज पन्नास असायचे आणि त्यातला एक माझ्यादेखत प्लॅटफॉर्म आणि गाडीच्या मध्ये गेला. तेवढी पानं पुस्तकातून काढून टाकावीत असं माझं मत आहे. ठाण्याला जायचं असेल तर गाडी पूर्ण थांबल्यावर उतरायचं. ह्या एका गोष्टीवर चर्चा नाही.

दुसऱ्या रात्री मी त्या समारंभापर्यंत पोचलो. सोळा वर्षांची पोरं. पाच भांडी. दगड, पाणी, माती, पेटते निखारे, काच. तळहाताला चीर द्यायची आणि ज्या भांड्यात रक्त पडेल त्या गटाचं व्हायचं. गट आधी, रक्त नंतर, असं त्यांचं सूत्र. आधी भाऊ जातो. अख्ख्या गल्लीत ज्याच्यासारखा निःस्वार्थ पोरगा नाही म्हणतात, तो जाऊन पाण्यात रक्त सोडतो, हुशार लोकांच्या गटात. बाप तिथेच बसलेला. त्याचं त्या गटाशी हाडवैर. तो अजून सावरलेला नाही तोच पोरीचं रक्त निखाऱ्यांवर, म्हणजे निर्भय गटात. चर्र आवाज येतो.

तू हे वाचलंस तेव्हा तिच्या जागी उभी राहून वाचलं असशील. मी त्या बापाच्या खुर्चीत बसलो होतो. एका दुपारी दोन पोरं. त्यांनी विचारलंही नाही. विचारायचंच नसतं तिथे. मला राग आला, आणि राग तुझाही आला, कारण शनिवारी तू म्हणालीस, ‘हा फॉर्म माझा आहे, पप्पा.’ तुझा स्वर अगदी चर्र होता.

खरी गोष्ट तिसऱ्या रात्रीची. आईवडील भेटायला येतात तो दिवस. पोरगी वाट बघते, बहुतेक कुणी येणार नाही असं मनाला समजावत असते, आणि कठड्याजवळ आई उभी. करडे कपडे घालून, काळ्या कपड्यांच्या माणसांत. बाप येत नाही. आई बापाची बाजू घेत नाही. जाताना पोरीला सांगते की माझ्यातर्फे केक खा, चॉकलेटचा, फार छान असतो. आणि निघून जाते. पोरगी उभीच राहते. करड्या घरातल्या बाईला निर्भयवाल्यांच्या ह्या खड्ड्यातल्या अड्ड्यावरच्या केकची चव कशी ठाऊक? म्हणजे आई मूळची इथली.

मी पुस्तक मिटलं. रात्रीचा दीड वाजला होता. मला आज्जी आठवली, आणि ही गोष्ट तुला कुणी धड सांगितलेली नाही म्हणून सांगतो.

आमच्या लग्नाला आबा आले नव्हते, एवढं तुला माहीत आहे. फोटोत ते नाहीत म्हणून तू विचारायचीस आणि आम्ही ‘गावाला होते’ म्हणायचो. गावाला नव्हते. इथेच होते, घरात, खाटेवर. घाटावरच्या पोराने आगऱ्यांच्या घरात लग्न करायचं, तेही मांसमच्छीच्या घरात. आबा रागावले नाहीत, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘गावकीला मी काय सांगू?’ आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांच्या गटाचं नाव गावकी. त्यांच्यासाठी तीही रक्ताच्या आधी.

आज्जी आली. एकटी, बसने, हातात पिशवी. हळदीच्या रात्री घणसोलीत काय दणका असतो तो तू पाहिलायस. धवलारीण गातेय, बँजो वाजतोय, आणि माझी आई कोपऱ्यात खुर्चीवर, पदर डोक्यावरून घट्ट. मला वाटलं, ही घाबरलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी मम्मीच्या आत्यांनी तिला चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं आणून दिली. माळकरी घरातली विहीणबाई, दुसरं काय द्यायचं? आज्जीने बशी बाजूला सरकवली आणि हळूच विचारलं, ‘तांदळाची भाकरी न्हाय का वं? आन् जवळा?’ सगळ्या बायका गप्प. आत्यांनी ताटलीत भाकरी आणि जवळ्याची चटणी आणली. आज्जीने बोटाने एक चिमूट जिभेवर ठेवली आणि म्हणाली, ‘कैरी न्हाय घातली ह्यात. वैशाखात घालता ना तुम्ही?’

मग कळलं. बारा वर्षं ती मार्केटात कांदा निवडायला जायची. सोबतीला तळवलीच्या, घणसोलीच्या बायका. दुपारी डबे फिरायचे. तिचं पिठलं-भाकरी त्यांच्याकडे, त्यांचा जवळा हिच्याकडे. संध्याकाळी घरी येताना पान खाऊन यायची, वास येऊ नये म्हणून. आम्हाला वाटायचं, आईला पानाचा शौक.

आबांना ठाऊक होतं का? मला वाटतं, होतं. एक माणूस बारा वर्षं एकाच खोलीत राहतो आणि त्याला कळत नाही, असं होत नाही. त्यांनी कधी विचारलं नाही. आणि तू झालीस त्याच्या पाचव्या दिवशी दाराशी आले, खांद्यावर कांद्याची गोणी. खाली ठेवली, मम्मीकडे न बघता म्हणाले, ‘नाशकाचा हाय. टिकंल.’ पाणी प्यायले आणि गेले. पुढच्या रविवारी पुन्हा आले. बस्स, तेवढंच त्यांचं बोलणं.

तर तिसऱ्या रात्री मला त्या गोष्टीत मी दिसलो. पाटणचा, माथाडीचा पोरगा, ज्याच्या लग्नाला बाप आला नाही, आणि आता स्वतःच्या पोरीच्या कॉलेजात जाणार नाही म्हणून भांडी आदळणारा. शनिवारी मी म्हणालो होतो ना, ‘आर्ट्सला गेलीस तर त्या कॉलेजचं तोंड मी बघणार नाही’? ते वाक्य मी परत घेतो. लेखी घेतो, म्हणजे तुला पुरावा राहील.

माझं मत बदललेलं नाही, हेही लिहून ठेवतो. ८८.४० टक्क्यांत सायन्स घेऊन पुढे फार्मसी किंवा नर्सिंग केलं असतंस तर मला रात्री झोप आली असती. मानसशास्त्र घेऊन कुणाला कुठे नोकरी लागली ते मला कुणी दाखवलेलं नाही. तू दाखव. चिडून नको, बसून दाखव. आणि पुस्तकातलं एक मला अजिबात पटलं नाही, तेही सांगतो. ज्याला कुठल्याच गटात जागा मिळाली नाही तो थेट रस्त्यावर, झाडूवाला नाहीतर बस ड्रायव्हर, फाटके कपडे, कुणाच्या खिजगणतीत नाही. लेखिकेला ही सगळ्यांत भीतीची गोष्ट वाटते. अगं, बस ड्रायव्हर होणं ही काय शिक्षा आहे? तुझा धाकटा काका एनएमएमटीत आहे, त्याच्या घराचा हप्ता वेळेवर जातो. पोरीला तीन गटांची भीती नाही, गटाबाहेरची आहे. हे कच्चं आहे. पुढच्या दोन भागांत सुधारलं असेल तर मला सांग, मी अजून वाचलेले नाहीत.

आणखी एक कबुली राहिली. सायन्सच्या एका क्लासला मी वीस हजार ॲडव्हान्स भरले आहेत, निकाल लागायच्या आधीच. मम्मीलाही काल सांगितलं. पावतीवर बारीक अक्षरात लिहिलंय की पैसे परत मिळणार नाहीत. मी विचारून आलो, त्यांनी बोट ठेवून तीच ओळ दाखवली. ते पैसे गेले असं धर. त्यावरून तू स्वतःला काही लावून घ्यायचं नाहीस, भरताना मी तुला विचारलं नव्हतं.

फॉर्म मी काल रात्री होता तसा केला. आर्ट्स, आणि पहिल्या नंबरला ठाणं. तू लिहिलेली यादी फ्रिजच्या दारावर होती, तिच्यावरून एकेक तपासून घेतलं. सहाव्या आणि सातव्या नंबरची अदलाबदल झाली असेल तर बघ, तिथे तुझं अक्षर लागत नव्हतं. लॉक केलेलं नाही. ते तू कर. ओटीपी माझ्या फोनवर येईल. फोन टीव्हीखाली चार्जिंगला आहे, पॅटर्न तुला ठाऊक आहे. मी सकाळच्या पाळीला गेलेला असेन, माझी वाट बघू नकोस.

गाडीचं सांगतो. कोपरखैरण्याहून घणसोली, रबाळे, ऐरोली, दिघा गाव, की ठाणं. नऊ-दहा नंबरवर उतरशील. पूल चढताना गर्दीत बॅग पुढे घ्यायची. कॉलेज सकाळचं आहे, तर साडेसातच्या आत पोचलीस तर वाचनालयात पहिल्या मजल्यावर शेवटच्या खिडकीजवळची जागा मिळते. तिथला पंखा आवाज करतो म्हणून कुणी बसत नाही, पण वारा तिथेच असतो. सुटल्यावर भूक लागली तर एखाद्या दिवशी मामलेदारची मिसळ खा माझ्यातर्फे. मीडियम सांग. पहिल्या दिवशी तिखट सांगायची चूक करू नकोस, नंतरचा तास डोळे पुसण्यात जातो.

तुझा,
पप्पा